हीटमध्ये रेघेआधी पाय सोडायला शिकवू नका : क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
शाळांचे क्रीडाशिक्षक, क्लबांचे प्रशिक्षक आणि तालुका-जिल्हा मैदानी स्पर्धांचे आयोजक,

सप्रेम नमस्कार.

शालेय स्पर्धांचा मोसम तोंडावर आला आहे. तालुक्याच्या हीट्स, म्हणजे फायनलआधीच्या प्राथमिक फेऱ्या, सुरू व्हायच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं अशी इच्छा आहे. विषय एकच आहे. 100 आणि 200 मीटरच्या हीटमध्ये आपली मुलं शेवटच्या दहा-पंधरा मीटरांत पाय सोडतात. पुढे असलेला मुलगा मान वळवून बाजूच्या लेनकडे बघतो, हात खाली पडतात, छाती मागे जाते आणि रमतगमत तो रेघ ओलांडतो. कडेला उभे असलेले त्याचे सर ओरडत असतात, "बास, बास! फायनलला राख!"

मी टायमिंगचा पंच आहे. रेघेच्या बाजूला लोखंडी घोडीच्या पायरीवर बसून, हातात घड्याळ धरून हे दरवर्षी बघतो. हे "बास" बंद करा, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

आधी घड्याळाचं सांगतो, कारण हात-घड्याळाचा हिशेब कसा चालतो हे मैदानावर फार थोड्यांना ठाऊक असतं. आम्ही घड्याळ सुरू करतो ते पिस्तुलाचा धूर, किंवा पिस्तूल नसेल तर क्लॅपरच्या फळ्या आपटताना दिसल्यावर, आवाज ऐकून नाही. थांबवतो ते मुलाची छाती रेघेच्या अलीकडच्या कडेला आली की. डोकं, मान, हात, पाय यांचा हिशेब नाही, धड पोचलं पाहिजे. पहिल्या नंबरावर तीन घड्याळं असली आणि तिन्ही वेगळी आली, तर मधलं धरायचं. पुढचा नियम या पत्राच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे : हाताने घेतलेली वेळ दशांशाच्या एकाच घरात लिहायची आणि वरचा जो काही अंश उरेल तो पुढच्या दशांशात ढकलायचा. घड्याळात 12.30 असेल तर कागदावर 12.3 जातं. 12.31 असेल तर 12.4 जातं. एका शतांशासाठी अख्खा दशांश गेला.

शेवटचे पाच मीटर मुलाने पाय सोडला तर किती वेळ जातो? सतरा वर्षांखालचा, बारा-सव्वाबारा सेकंदांत पळणारा मुलगा त्या टप्प्यात सेकंदाला साधारण सव्वाआठ मीटर जात असतो. रेघेपर्यंत त्याने वेग सातवर आणला तर जवळपास 0.05 सेकंद जातात. हा काळ डोळ्याला दिसतही नाही. पण वरचा नियम लावून बघा, म्हणजे कळेल की तेवढ्यात मुलगा एक दशांश कसा गमावतो.

आता म्हणाल, पहिला आला ना, मग टायमिंगशी काय देणंघेणं? समजा सहा हीट्स आहेत आणि फायनलला आठ लेन. प्रत्येक हीटमधला पहिला पुढे, उरलेल्या दोन जागा टायमिंगवर. अशा वेळी पाय सोडण्याचा फटका पहिल्याला बसतच नाही. तो बसतो दुसऱ्याला. सगळ्यांत जोरकस हीटमध्ये पहिला मुलगा ढिला पडतो, त्याच्या मागचा ते बघतो आणि आपला दुसरा नंबर पक्का समजून तोही ढिला पडतो. त्याची फायनल खरं तर त्या टायमिंगवर टांगलेली असते. दुसऱ्या कुठल्या हीटमध्ये, जिथे पहिल्याच्या मागे धापा टाकत कोणी जिवाच्या आकांताने पळलं, तिथला 12.39 वाला आणि हा 12.31 वाला कागदावर सारखेच, 12.4. एकच जागा उरली असेल तर मग चिठ्ठी टाकायची वेळ येते. सरस मुलाची फायनल अशी चिठ्ठीवर गेलेली मी पाहिली आहे आणि घोडीवर बसून मला काही करता येत नाही. कागदावर जे आलं तेच खरं.

आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते, जी ऑलिम्पिकमध्ये होत नाही. दुपारी पाऊस येतो, ट्रॅकची फक्की वाहून जाते, संध्याकाळ होते, लांबच्या शाळांची शेवटची एस.टी. चुकायची वेळ येते. मग आयोजक ठरवतात की फायनल नको, हीटच्या टायमिंगवर नंबर लावू. ज्या फायनलसाठी राखलं होतं ती फायनल होतच नाही. अशा एका दुपारी चौदा वर्षांखालच्या गटातली एक मुलगी माझ्याकडे आली. पायात बूट नव्हते, नुसते मोजे, तेही काळ्या मातीने पार भरलेले. तिची हीट ती आरामात जिंकली होती, शेवटी हात वर करून. "सर, माझं किती आलं?" मी पाटीवरचं टायमिंग दाखवलं. यादीत ती चौथी होती. ती काही बोलली नाही. तिने पाटीवर बोट ठेवून आपल्या वरची तीन टायमिंग एकेक करून वाचली, मग परत पहिल्यापासून वाचली. तिच्या सरांनी तिला "राख" सांगितलं होतं, तिने ऐकलं होतं. तिची काय चूक?

हे मुलांच्या डोक्यात येतं कुठून ते आपल्याला माहीत आहे. बीजिंग ऑलिम्पिक 2008, 100 मीटरची फायनल, जमैकाचा उसेन बोल्ट. रेघ यायच्या आधीच दोन्ही हात पसरले, छातीवर थाप मारली, आणि तरी 9.69 चा विश्वविक्रम. दुसरा आलेला रिचर्ड थॉम्पसन 9.89 ला. दोन दशांशांची आघाडी. मुलांना तो व्हिडिओ पाठ आहे. पण त्याच स्पर्धेत चार दिवसांनी 200 मीटरच्या फायनलमध्ये हाच बोल्ट समोरून वारा असताना रेघेवर छाती टाकून, दात-ओठ खात पळाला आणि 19.30 चा विश्वविक्रम केला. तो व्हिडिओ कोणी मोबाईलवर एकमेकांना पाठवत नाही. मला वाटतं तुम्ही वर्गात तोच दाखवावा.

तरीही मोठ्या स्पर्धांत पाय सोडणं चुकीचं असतं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर ते खोटं होईल. 2016 ला रिओमध्ये 200 मीटरच्या सेमीमध्ये बोल्ट शेवटी सैल पडला होता, पण बाजूच्या लेनमधला कॅनडाचा आंद्रे डी ग्रास अंगावर आला तसा त्यालाही पळावं लागलं. बोल्ट 19.78, डी ग्रास 19.80. दोघं रेघेवर एकमेकांकडे बघून हसले, ते छायाचित्र जगभर गेलं. दुसऱ्या दिवशी फायनलमध्ये बोल्ट पुन्हा 19.78, पण डी ग्रास 20.02. रौप्य मिळालं, पण वेळ सेमीपेक्षा मागे गेली. 2024 ला पॅरिसमध्ये जमैकाचा ओब्लिक सेविल 100 च्या सेमीत 9.81 पळाला, अमेरिकेच्या नोआ लाइल्सला मागे टाकून. त्याच संध्याकाळच्या फायनलमध्ये सेविल 9.91 घेऊन आठवा आला आणि सुवर्ण लाइल्सने नेलं. एका संध्याकाळी दोनदा पूर्ण जोर लावायचा असतो, तेव्हा पहिल्या वेळी थोडं हातचं राखणं हा शहाणपणा आहे. त्या खेळाडूंना आपली आघाडी किती हे सेंटिमीटरमध्ये कळतं. त्यांना नियम पाठ असतो, समोरच्याचा त्या मोसमातला उत्तम वेळ पाठ असतो. आणि ते सोडतात तेव्हा ब्रेक मारत नाहीत. गुडघा तसाच वर येतो, पाऊल तसंच शरीराखाली पडतं, फक्त जोर कमी होतो. टीव्हीवर ते ढिलं दिसतं. प्रत्यक्षात ती शिकलेली गोष्ट असते.

तरी तिथेही चुका होतात. जून 2008, अमेरिकेची ऑलिम्पिक निवड, यूजीन. टायसन गे हा तेव्हाचा जगज्जेता. 100 च्या पहिल्याच फेरीत रेघ ओळखण्यात त्याची गफलत झाली. दुसऱ्याच खुणेला शेवट समजून त्याने जोर सोडला, मग लक्षात आल्यावर पुन्हा पळाला आणि चौथा येऊन कसाबसा पुढे गेला. पुढच्या फेरीत त्याच माणसाने 9.77 चा अमेरिकन विक्रम केला. जगज्जेत्याची, सिंथेटिक ट्रॅकवर, पांढऱ्या स्वच्छ रेघेबद्दल गफलत होते. आपल्या मैदानावर 80 मीटर हर्डल्सच्या खुणा, रिलेच्या पेट्या, गेल्या आठवड्यातल्या कबड्डीच्या रेघा, या सगळ्यांतून फक्कीची शेवटची रेघ चौदा वर्षांच्या मुलाने पळता पळता ओळखायची!

काही आयोजक याच्या उलट टोकाला जातात. हीटमध्ये मुलगा ढिला पळाला म्हणून त्याला माईकवरून बोलतात, बाद करायची भाषा करतात. तेही चूक आहे. प्रामाणिक प्रयत्न न केल्यास बाद करण्याचा नियम ॲथलेटिक्समध्ये आहे, पण तो आघाडीवर असताना सैल पडणाऱ्यासाठी नाही. 2012 ला लंडनमध्ये अल्जीरियाचा तौफिक मखलूफी 800 मीटरच्या हीटमध्ये पळणं अर्धवट टाकून बाजूला झाला, तेव्हा त्याला या नियमाखाली संपूर्ण स्पर्धेतून काढलं होतं. मग वैद्यकीय कारण मान्य झालं, त्याला परत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने 1500 मीटरचं सुवर्ण जिंकलं. नियमाचा रोख तिथे आहे. मुलाने शेवटी हात खाली सोडले म्हणून त्याचा पाणउतारा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याला शिकवायचं आहे, शिक्षा करायची नाही.

शिकवायचं काय, तर नियम. हीटमधून पुढे कसं जायचं हे प्रत्येक स्पर्धेत बदलतं आणि त्यावर पळण्याची सगळी आखणी बदलते. हे आपल्या अविनाश साबळेच्या उदाहरणावरून मुलांना चटकन समजेल. तो स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या 3000 मीटर शर्यतीचा धावपटू, स्प्रिंटर नाही, पण मुद्दा तोच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या हीटमध्ये पहिले तीन आणि मग टायमिंगवर सहा असा नियम होता. साबळे 8:18.12 पळाला, राष्ट्रीय विक्रम, आणि हीटमध्ये सातवा येऊन बाहेर. पॅरिसमध्ये टायमिंगच्या जागा काढून टाकल्या होत्या, प्रत्येक हीटमधले पहिले पाच पुढे. साबळे 8:15.43 ला पाचवा आला आणि या प्रकारात ऑलिम्पिक फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. पहिल्या नियमात प्रत्येक शतांश मोजला जात होता, दुसऱ्यात फक्त मागचा सहावा कुठे आहे एवढं बघायचं होतं. बीडच्या आष्टी तालुक्यातून निघालेला मुलगा हे दोन्ही नियम जगला आहे. आपल्या तालुक्यातल्या मुलांना मात्र हीटच्या आधी नियम कोणीच सांगत नाही. ब्लॉकवर, म्हणजे बहुतेकदा नुसत्या मातीत खड्डा करून, उभं राहिलेल्या मुलाला विचारा की किती जण पुढे जाणार. तो सरांकडे बघतो. सर माझ्याकडे बघतात. मी रेफरीकडे बघतो.

दमण्याबद्दल दोन शब्द, कारण "राख" म्हणणाऱ्यांचा खरा हेतू तोच असतो आणि तो प्रेमाचाच असतो. 100 मीटरमध्ये जी ऊर्जा वापरली जाते तिचा मोठा भाग स्नायूंत साठवलेला, झटक्यात वापरायचा असतो आणि काही मिनिटांच्या विश्रांतीत तो बहुतांशी भरून येतो. हीट आणि फायनल यांत तासाभराचं जरी अंतर असलं तरी शेवटचे दहा मीटर पळल्याने फायनलमध्ये मुलगा कमी पडत नाही. तो कमी पडतो दुसऱ्याच कारणांनी. सकाळी सहाच्या गाडीने आलेला असतो, एका वडापाववर दुपारपर्यंत उन्हात उभा असतो, मध्ये लांब उडीच्या तीन उड्या मारलेल्या असतात आणि मग रिलेही असते. त्याला सावली द्या, पाणी द्या, केळी द्या, दोन प्रकारांत नाव कमी घाला. राखायचं असेल तर तिथे राखा. 400 मीटरची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य. तिथे शेवटच्या सरळ रस्त्यावर पायात जे चढतं ते तासाभरात उतरत नाही आणि एकाच दिवशी दोनदा 400 पळायची वेळ आली, आघाडी खरोखर मोठी असली, तर शेवटचे मीटर सैल जाण्याला माझी हरकत नाही.

पण 100 मीटर म्हणजे शेवटचे वीस मीटर. बर्लिनमध्ये 9.58 चा विश्वविक्रम करताना बोल्टचा सर्वाधिक वेग 60 ते 80 मीटरच्या टप्प्यात होता. त्यापुढे बोल्टचाही वेग उतरतो, सगळ्यांचाच उतरतो. ज्याचा कमी उतरतो तो फायद्यात राहतो. आपल्या चौदा वर्षांच्या मुलांचा वेग तर त्याहून बराच आधी शिगेला पोचतो. म्हणजे त्यांना अर्ध्याच्या वर शर्यत वेग टिकवण्यातच काढायची असते, आखडलेल्या खांद्यांनी, जड झालेल्या पायांनी. सरावात हे टिकवणं येत नाही, कारण सरावात बाजूला कोणी जिवाच्या आकांताने पळत नसतं. ते हीटमध्येच शिकायला मिळतं. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शर्यती ज्या मुलाला मिळतात, त्याच्या एका शर्यतीचा हा सगळ्यांत मोलाचा भाग आपण "बास" म्हणून काढून घेतो.

शिवाय अचानक ब्रेक मारणं धोक्याचं. धड मागे जातं, पाऊल शरीराच्या पुढे पडतं, मांडीच्या मागच्या स्नायूवर झटका येतो. ओल्या मातीवर तर पाय सरकतोच. हॅमस्ट्रिंग धरून बसलेली मुलं मी रेघेच्या अलीकडे पाहतो तशी पलीकडेही पाहतो, आणि पलीकडे जी बसतात त्यातली बरीचशी थांबायला जागा नसल्यामुळे.

ही जागेची गोष्ट मात्र प्रशिक्षकांची नाही, आयोजकांची आहे, आणि याबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल. सगळ्याच मुलांनी तोऱ्यात पाय सोडलेला नसतो. बरीच मुलं भीतीने सोडतात. मैदान लहान म्हणून रेघ जिथे आखली तिथून आठ-दहा पावलांवर शाळेची भिंत असते. भिंत नसेल तर पाहुण्यांचा मांडव असतो, पुढे सतरंजी, टीपॉयवर हार आणि नारळ. मुलाला समोर मांडवाचा बांबू दिसत असताना तो पूर्ण वेगाने रेघेवर छाती कशी टाकेल? आंतरराष्ट्रीय मैदानांच्या आखणीत सरळ धावेच्या रेघेपुढे थांबण्यासाठी किमान 17 मीटर मोकळे ठेवायला सांगितले आहेत. आपल्याकडे तेवढी जागा नसेल तर 100 ऐवजी 80 मीटर पळवा, पण रेघेपुढची जागा मोकळी सोडा. किंवा सुरुवातीची रेघ भिंतीकडे घ्या आणि शेवटची मैदानाच्या मोकळ्या बाजूला. मांडव हलवता येतो. पाहुणे बाजूला बसतील, त्यांना उलट चांगलं दिसेल.

आणि मुलांना रेघ ही शेवट म्हणून दाखवूच नका. सरावात रेघेच्या दहा मीटर पुढे एक कोन ठेवा, कोन नसेल तर चप्पल ठेवा, आणि सांगा की तिथपर्यंत पळायचं, त्यानंतर हळूहळू, पावलं लहान करत थांबायचं. हीटच्या वेळी तुम्ही स्वतः त्या जागी जाऊन उभे राहा. 60-70 मीटरवर कडेला उभं राहून ओरडलं की मूल तुमच्याकडे बघतं आणि तिथेच वेग जातो. तुम्ही रेघेपलीकडे असलात तर ते तुमच्याकडे पळत येतं.

पुढे ज्यांना राज्य, राष्ट्रीय पातळीवर दोन दिवसांत तीन फेऱ्या पळायच्या असतील, त्यांना जोर कमी करण्याची कला जरूर शिकवा, घड्याळ लावून शिकवा. पुण्यात बालेवाडीच्या ट्रॅकवर फोटोफिनिश, म्हणजे रेघेवरचा कॅमेरा असतो, वेळ हजारांशापर्यंत वाचता येते, तिथे कुठे किती सोडलं हे नंतर बघताही येतं. तालुक्याच्या मैदानावर, क्लॅपर वाजवून सुरू होणाऱ्या आणि माझ्यासारख्याच्या अंगठ्यावर संपणाऱ्या शर्यतीत ती कला शिकवू नका.

आयोजकांना शेवटची विनंती. हीटच्या आधी माईकवरून स्पष्ट सांगा : किती हीट्स, प्रत्येकीतले किती पुढे, टायमिंगवर किती जागा, आणि पावसामुळे फायनल रद्द झाली तर निकाल कशावर. दोन वाक्यांचं काम आहे. तेच कागदावर लिहून कॉलरूमच्या, म्हणजे शर्यतीआधी मुलं हजेरी देतात तिथल्या, टेबलाशी लावा. हीट संपली की पहिल्यापासून आठव्यापर्यंत जेवढी टायमिंग घेतली असतील ती सगळी फळ्यावर लिहा, फक्त पुढे गेलेल्यांची नाही. मुलं ती वहीत उतरवून घेतात. आम्ही पंच मंडळी ती लिहून द्यायला थांबू, त्यासाठी जेवणाची सुट्टी पुढे गेली तरी चालेल.

कळावे,
आपला,
मैदानी स्पर्धांमधला टायमिंगचा एक पंच